लालबागच्या गाळ्यात जोडलेला पहिला पीसी

गणपतीला दीड महिना उरला की आमच्या डीटीपीच्या गाळ्यात मंडळांच्या अहवालांची रीघ लागते. अशाच एका जुलैत जुना कॉम्प्युटर बसला, तो उठलाच नाही. जोडून देणाऱ्याने सांगितलेला भाव ऐकला आणि ठरवलं, या वेळी आपणच जोडायचा. छपाईत अर्धं आयुष्य गेलंय माझं. कागद आणि मशीन यांचं माप जुळलं नाही तर काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. पीसीतही सगळा खेळ मापाचाच निघाला.

आधी काम ठरवा. मला कोरल, फोटोशॉप आणि शंभर पानी पीडीएफ. गेम नाही. म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, पण मग प्रोसेसरच्या, म्हणजे पीसीच्या मेंदूच्या, पोटातच ग्राफिक्स हवं. मी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी घेतला. त्या शेवटच्या ‘जी’वर सगळं अडलेलं आहे, नुसत्या ५६००मध्ये ग्राफिक्स नसतं. इंटेलकडे उलटं: नावाच्या शेवटी ‘एफ’ दिसला की ग्राफिक्स नाही. थोडे पैसे वाचवायला असा एखादा उचललात, तर कार्ड घेईपर्यंत मॉनिटर काळाच.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, जवळपास आपोआप ठरतो. माझा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एएम४; म्हणून रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, डीडीआर४. २०२२मध्ये आलेल्या एएम५ला डीडीआर५च लागते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, तिथे बोर्डाचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. दोन्ही रॅमना पिना २८८च, पण मधली खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका, तुम्ही चुकीची रॅम आणलीय.

रॅम १६ जीबी, पण ८ च्या दोन पट्ट्या. पोटातलं ग्राफिक्स आपली मेमरी याच रॅममधून घेतं. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी डेटा येतो, आणि त्याचा फरक डोळ्यांना दिसतो.

फाइली साठवणाऱ्या एसएसडीवर ‘२२८०’ लिहिलेलं वाचून मला घरच्यासारखं वाटलं: २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. दुकानदार मला जेन ४ची, म्हणजे चौथ्या पिढीच्या वेगाची, महागडी एसएसडी गळ्यात मारत होता. ५६००जी जेन ३च्या पुढे जातच नाही, हे मी घरूनच वाचून गेले होते. जुन्या पद्धतीची साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, नव्या एनव्हीएमई पद्धतीची जेन ३ची चांगली एसएसडी ३,०००च्या पुढे जाते. माझ्या अहवालांना तेवढं रग्गड.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र कंजूषपणा नको. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळतो तो घेऊ नका. माझा जुना पीसी अशाच एकाने खाल्ला, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. प्रोसेसर ६५ वॉटचा असूनही मी ४५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ घेतला. ८० प्लस म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचं माप; तो टिकेल याची हमी नव्हे. म्हणून वॉरंटीची वर्षंही बघा.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण तसं कुणी म्हणत नाही. लोअर परळहून स्लो गाडीने ग्रँट रोड, आणि पूर्वेला बाहेर. यादी कागदावर नेमक्या मॉडेल नंबरांसकट न्या, तीन दुकानांत तोच कागद दाखवा. ‘मॅडम, बिल नको असेल तर कमी करतो’ असं कानावर येईलच. १८ टक्के जीएसटी वाचतो खरा, पण वॉरंटीच्या वेळी तुम्ही कोण आणि आम्ही कोण. सीरियल नंबर घातलेलं पक्कं बिल घ्या.

जोडणीत मला घाम फुटला तो कूलरला. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, लिव्हर वर करा आणि प्रोसेसर नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. मग लिव्हर खाली. बॉक्समधला कूलर चार स्क्रूंचा, त्यासाठी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढताच मागची लोखंडी पट्टी खळ्ळकन खाली पडली, मला वाटलं बोर्डच तुटला! ती खालून हाताने धरून ठेवायची आणि स्क्रू तिरपे, थोडे थोडे आवळायचे. उष्णता वाहून नेणारी पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, बोट लावू नका.

रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरची वीज वेगळ्या आठ पिनांच्या वायरने, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. ही विसरणारे पुष्कळ.

बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. दहा मिनिटं देवाचं नाव घेतलं, मग स्विच बंद करून रॅम दाबून पाहिली. एका पट्टीचं एक टोक अर्धंच बसलं होतं. टक्क आवाज झाला, आणि पुढच्या वेळी बायोसचं, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचं, पान उघडलं. तिथेच एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम कमी वेगाने चालत राहण्याची शक्यता असते.

एक राहिलंच. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येत होत्या. वाटलं, माझीच वायरिंग चुकली. इलेक्ट्रिशियनने भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला, तर आमच्या जुन्या गाळ्याच्या त्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. तिसरं भोक नुसतं शोभेला. एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतो, वाट नसली की तो पत्र्यावर येतो. अर्थिंगची वायर ओढून घेतली, आणि त्याच रात्री पहिला अहवाल छपाईला गेला.