फेकजाळ्यासाठी चारा: गोळा कसा वळावा आणि जाळे केव्हा फेकावे

चारा जितका जास्त, तितकी मासळी जास्त, हा सल्ला मला तलावाच्या पाळीवर बसलेल्या प्रत्येकाने दिला आणि तो ऐकून मी दोन हंगाम फुकट घालवले. चाऱ्याकडून अपेक्षा एवढीच ठेवावी की त्याने भुकेल्या माशाला जाळ्याच्या घेराएवढ्या जागेत दहा-पंधरा मिनिटे गुंतवून ठेवावे. पोट भरलेला मासा तेथे थांबत नाही, आणि घमेलेभर चारा ओतला की तो खात खात घेराच्या कितीतरी बाहेर पसरतो.

पुढील माहिती भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांसारख्या उथळ, गाळाचा तळ असलेल्या पाण्यासाठी आहे. तलाव ज्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तिची परवानगी घेतलेली आहे आणि जाळे गोल उघडून फेकता येते, हे मी गृहीत धरतो. पावसाळ्यात रोहू, कटला आणि मृगळ यांचा विणीचा काळ असतो, तेव्हा हा उद्योग करू नये. कडाक्याच्या थंडीत मासा कमी खातो, त्यामुळे चाऱ्याचा उपयोगही कमी होतो.

भुईमुगाची पेंड आणि तांदळाचा बारीक कोंडा वजनाने समसमान घ्यावा. कोंडा म्हणजे भाताची फोलपटे नव्हेत, ती तरंगतात. बुरशी लागलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आपल्या भागात मोहाची पेंडही विकायला असते, आणि एका गृहस्थांनी ती मला मोठ्या खात्रीने सुचवली होती. त्या पेंडेतील सॅपोनिन माशांना विषारी असते. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी, साधारण मीटरभर खोल पाण्यात हेक्टरी 2,500 किलो या प्रमाणात तीच पेंड वापरतात. चाऱ्यात ती चिमूटभरही नको.

पेंड रात्रभर भिजवावी. सकाळी तिला किंचित आंबूस वास आला पाहिजे, कुजका वास आला तर ती फेकून द्यावी.

आता गोळ्याविषयी, कारण सगळी फसगत येथेच होते. सुरुवातीला मी पेंड आणि कोंडा कालवून तसाच मुठीने टाकत असे. कोंडा पाण्यात शिरताच सुटा होई, निम्मा वर तरंगे, वारा त्याला पाळीकडे नेई, आणि जाळ्यात येई ती वरच्या थरातील बोटभर चिल्लर मासळी. मग कोणीतरी कणीक घालून गोळे घट्ट करायला सांगितले. ते गोळे इतके घट्ट झाले की दुसऱ्या दिवशी जाळ्याबरोबर अख्खेच्या अख्खे वर आले. मृगळ आणि सायप्रिनस हे तळाशी चरणारे मासे आहेत. त्यांच्यासाठी गोळा न फुटता तळापर्यंत गेला पाहिजे आणि तेथे गेल्यावर हळूहळू सुटला पाहिजे. हे दोन्ही साधते ते मातीने.

कन्हार माती, म्हणजे आपली काळी चिकण माती, वाळवून, चाळून, चाऱ्याच्या दुप्पट घ्यावी. मातीमुळे गोळ्याला वजन येते, पाण्यात गढूळपणाचा एक पट्टा तयार होतो आणि मुख्य म्हणजे माशाचे पोट लवकर भरत नाही, कारण चारा थोडा आणि चाळवाचाळव जास्त. पाणी घालताना हात आखडता ठेवावा. मिश्रण मुठीत दाबले असता आकार धरावा, पण बोटांना चिकटू नये. संत्र्याएवढा एक गोळा वळून बादलीभर पाण्यात सोडावा आणि घड्याळ लावावे. पाच मिनिटांच्या आत त्याच्या कडा सुटू लागल्या पाहिजेत आणि पंधरा-वीस मिनिटांत तो बसला पाहिजे. आधीच फुटला तर माती वाढवावी, तसाच राहिला तर कोंडा वाढवावा. ही परीक्षा प्रत्येक नव्या मातीसाठी पुन्हा करावी लागते. मला ती अजूनही करावी लागते, आणि ज्यांना लागत नाही असे सांगणारे भेटतात त्यांच्या टोपल्या मी पाहिल्या आहेत.

जागा कमरेपासून छातीएवढ्या पाण्याची निवडावी. तळाशी खुंट, बेशरमीच्या फांद्या किंवा शिंगाड्याच्या वेली नसाव्यात. खुणेची काठी जाळ्याच्या घेराबाहेर रोवावी, नाहीतर पहिल्याच फेकीत जाळे तिच्यात अडकेल. पहिले दोन दिवस ठरलेल्या वेळी तीन-तीन गोळे टाकून नुसते परत यावे. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी तीन गोळे टाकावेत आणि जाळे हातात घेऊन थांबावे.

या थांबण्यात उतावळेपणा करू नका. गोळा पडल्याच्या आवाजाने मासा आधी दूर जातो आणि मग परततो. तो आला की नाही हे बुडबुड्यांवरून कळते. एकाच ठिकाणाहून अधूनमधून उठणारे मोठे बुडबुडे गाळातील वायूचे असतात, त्यांना पाहून मी कितीतरी वेळा रिकाम्या पाण्यावर जाळे फेकले आहे. चरणाऱ्या माशाचे बुडबुडे बारीक, झुपक्याने येणारे असतात आणि ते सरकत जातात. असे दोन-तीन झुपके गोळ्यांच्या जागी एकत्र दिसले की फेकावे. डोंग्यातून फेकत असाल तर तोवर वल्हे पाण्याबाहेर ठेवावे. सावलीही चाऱ्याच्या जागेवर पडू देऊ नये. जाळे तळाला टेकले की शिशाचे मणी गाळात बसेपर्यंत क्षणभर थांबून मग दोरी संथपणे ओढावी, कारण झटका दिला की काठ उचलला जातो आणि मृगळ खालून निसटतो.

कटल्यासाठी हा खटाटोप करू नये, तो वरच्या थरात खातो आणि तळाच्या गोळ्याकडे सहसा येत नाही. कासव जाळ्यात आले तर ते लगेच सोडावे.

एका जागी दोनच फेकी कराव्यात, तिसरीला चिखलच येतो. उन्हाळ्यात पाणी आटलेले असताना गोळे तीनवरून एकावर आणावेत, कारण न खाल्लेला चारा कुजताना पाण्यातील प्राणवायू खातो. उरलेले मिश्रण तलावात ओतू नये, घरी आणून परसातील खतात टाकावे.