आघातावर उपचार करणारा थेरपिस्ट कसा शोधावा

अपघात, हल्ला, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू. अशा घटनेनंतर झोप उडणं, बारीक आवाजानेही दचकणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येणं हे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतंही. महिना उलटून गेला, त्रास तसाच आहे आणि काम, घर, नाती यांवर त्याचा परिणाम होतोय, तर पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराची, तपासणी करून घ्या. जिवाला काही करून घेण्याचे विचार येत असतील किंवा मारहाण, छळ अजून चालूच असेल, तर मात्र थेरपिस्ट शोधत बसू नका. आधी तातडीची मदत आणि सुरक्षित जागा.

शोध घेताना एक गोष्ट मनात पक्की धरा. टाळाटाळ हे या आजाराचं एक मुख्य लक्षण आहे. घटनेची आठवण करून देणारं सगळंच टाळावंसं वाटतं, आणि थेरपिस्टचा फोन नंबरसुद्धा त्यातच येतो. नंबर वहीत पडून राहतो, महिने जातात आणि माणूस स्वतःलाच आळशी ठरवतो. म्हणून कामाचे तुकडे करा. एका दिवशी फक्त तीन-चार नावं काढायची. दुसऱ्या दिवशी विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवून फोन करायचा, नाहीतर त्यालाच बोलायला सांगायचं. काय बोलायचं ते आधी लिहून ठेवा: ‘एका घटनेनंतर चार महिने त्रास होतोय. पीटीएसडीची शंका आहे. तुम्ही यावर उपचार करता का?’ एवढं पुरतं. काय घडलं ते फोनवर सांगायची गरज नाही, आणि कुणी खोदून विचारलं तर ‘भेटीत सांगेन’ म्हणा.

औषधं लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ. बोलून करायचे उपचार बहुतेक ठिकाणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा प्रशिक्षित समुपदेशक करतात. पदवी आणि नोंदणी तपासाच, पण तेवढ्यावर थांबू नका. उत्तम पदवी असलेल्या, मनाने चांगल्या माणसालाही आघातावरच्या उपचारांचं वेगळं प्रशिक्षण नसू शकतं.

पीटीएसडीवर नीट तपासलेल्या पद्धती मोजक्याच आहेत. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये डोळे मिटून ती घटना आत्ता घडतेय अशी सांगायची, पुन्हा पुन्हा सांगायची. ते रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. सोबत, टाळल्या जाणाऱ्या पण प्रत्यक्षात धोका नसलेल्या जागांची यादी करून सोप्यापासून सुरुवात करतात. साधारण ८ ते १५ सत्रं, बहुतेकदा ९० मिनिटांची. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी साधारण १२ सत्रांची. ‘मी तिथे गेलोच नसतो तर’ असे मनात रुतून बसलेले विचार कागदावर मांडून एकेक तपासायचे. यात घटना तपशीलवार सांगितलीच पाहिजे असं नाही, त्यामुळे शब्दच फुटत नसतील तर या पद्धतीबद्दल आवर्जून विचारा. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे न्यायची असते. लहान मुलांसाठी ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (आघातावर केंद्रित, विचार आणि वागणं बदलण्याचा उपचार) आहे आणि त्यात पालकांचाही सहभाग असतो.

आता फोनवरचे प्रश्न. यांपैकी कोणती पद्धत वापरता? तिचं प्रशिक्षण घेतलंय का, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलंय का? माझ्यासारखे किती रुग्ण पाहिलेत? सुधारणा कशी मोजता? माहीतगार माणूस पद्धतीचं नाव घेतो आणि साधारण किती सत्रं लागतील ते सांगतो. ‘सगळं थोडंथोडं वापरतो’ एवढंच उत्तर मिळालं, तर पुढच्या नावाकडे वळा. ‘दबलेल्या आठवणी संमोहनाने बाहेर काढू’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा, कारण त्यातून खोट्या आठवणी तयार होऊ शकतात. हमखास बरं करण्याची हमी देणाऱ्यापासूनही.

पहिल्या एक-दोन भेटींत चौकशी आणि मोजणी व्हायला हवी. पीसीएल-५ ही २० प्रश्नांची प्रश्नावली पुष्कळ ठिकाणी वापरतात. गुण ० ते ८० आणि ३१-३३ च्या वर गेल्यास पीटीएसडीची शक्यता धरून मुलाखतीने खात्री करतात. ती दर आठवड्या-दोन आठवड्यांनी भरली, की आकडा उतरतोय का ते तुम्हालाही दिसतं.

इथे एक अवघड जागा येते. मूळ आठवणीला हात घातला की सुरुवातीला स्वप्नं वाढू शकतात, चिडचिड होते आणि ‘नकोच हे’ असं वाटतं. बरेच जण नेमके इथेच सोडतात. असं होईल हे चांगला थेरपिस्ट आधीच सांगतो आणि वेग तुमच्याशी बोलून ठरवतो. उलट गडबडही तितकीच होते: महिनोन् महिने आठवडा कसा गेला यावरच गप्पा, श्वासाचे व्यायाम, आणि घटनेचं नावही नाही. भेटीनंतर हलकं वाटतं, पण घटनेची जागा टाळायला रस्ता बदलून जाणं काही सुटत नाही. तेव्हा टाळाटाळ दोघे मिळून करत असतात. पाच-सहा सत्रांनंतर सरळ विचारा, ‘आठवणीवर काम कधी सुरू करायचं?’ थांबण्याचं कारण आणि पुढचा बेत स्पष्ट सांगितला तर ठीक.

औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिनसारखी काही नैराश्यविरोधी औषधं उपयोगी पडतात आणि थेरपीसोबत चालतात. शांत करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गोळ्या पीटीएसडीसाठी सुचवल्या जात नाहीत. मात्र आधीपासून घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करा.

व्हिडिओवरही हे उपचार चांगले होतात. बंद दार, हेडफोन आणि सत्रानंतरचा अर्धा तास मोकळा हवा. त्रास देणारी व्यक्ती त्याच घरात असेल, तर मात्र प्रत्यक्ष भेटच घ्या.

थेरपिस्ट बदलावा लागला तर निघताना झालेल्या कामाचा लेखी गोषवारा आणि प्रश्नावल्यांचे गुण मागून घ्या. नव्या ठिकाणी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.