वहीत न लिहिलेली पहिली फेरी

नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या माझ्या पहिल्याच फेरीत २५ टार्गेटांपैकी १६. आदल्याच आठवड्यात नेहमीच्या रेंजवर २४ मारले होते. त्या २४च्या जोरावर नोंदणी, रजा, प्रवास सगळं उरकलं होतं. ते १६ अजून घशात अडकल्यासारखे आहेत. 'पात्रता गुण तर झालेत, जाऊ का?' असं विचारत फिरणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

ऑलिंपिक ट्रॅपचे, म्हणजे खंदकातून उडणारी टार्गेटं शॉटगनने फोडायच्या प्रकाराचे, नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरते. खंदकातली टार्गेट उडवणारी १५ यंत्रं, उभं राहायची पाच स्टेशनं, फेरीत प्रत्येकाला १० डावी, १० उजवी आणि ५ मधली टार्गेटं, त्यावर वेळ घालवत नाही. मी फसले ती गोष्ट मात्र सविस्तर सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

माझी वही खोटी नव्हती. तिच्यातला एकूण एक आकडा मी खरंच मारलेला होता. फक्त दिवसाची पहिली फेरी मी लिहीत नव्हते. ती 'हात मोकळा करायची' फेरी, सगळे असंच म्हणायचे. तिच्यात डोळा बसायचा, दस्ता खांद्यावर आपली जागा शोधायचा, आणि मग दुसरी, तिसरी, चौथी फेरी वहीत जायची. त्यातही एखादी घसरायला लागली, की मी मध्येच थांबून चुकलेला कोन पुन्हा पुन्हा मारून घ्यायचे. मग ती फेरी 'सरावाची' झाली, तिचा आकडा कशाला लिहायचा? असं करत करत वहीची सरासरी २२.६ झाली. गुणिले पाच, ११३. पदक नाही, पण मान खाली घालायला लागणार नाही असा आकडा.

आता स्पर्धा बघा. पात्रता फेरी १२५ टार्गेटांची, म्हणजे पाच फेऱ्या, बहुतेक वेळा दोन दिवसांत: एके दिवशी ७५, दुसऱ्या दिवशी ५०. दोन दिवस म्हणजे दोन सकाळी, आणि दोन्ही सकाळची पहिली फेरी मोजली जाते. पाचातल्या दोन. वहीतून मी जे गाळत होते ते स्पर्धेचं ४० टक्के होतं! आणि तेवढंच असतं तरी भागलं असतं. मोठ्या स्पर्धेत स्क्वॉडमागून स्क्वॉड, म्हणजे एकत्र फेरी मारणारे नेमबाजांचे गट, उभे असतात. एक फेरी झाली की पुढच्या फेरीसाठी तास-दीड तास, कधी त्याहून जास्त बसून राहायचं. सरावात मी दोन फेऱ्यांमध्ये पाणी पिण्यापुरती थांबायचे. तिथे बसून अंग थंड पडतं, डोळा परत शून्यावर येतो. म्हणजे दोनच काय, पाचही फेऱ्या पहिल्याच. हे मला तिसऱ्या फेरीआधी खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि तेव्हा कळून काय उपयोग.

१६, २०, १९, १८, २१. एकूण ९४.

परत आल्यावर दोन महिने मी फक्त पहिल्या फेऱ्या लिहिल्या. सरासरी आली १८.७. गुणिले पाच करून बघा, ९३ आणि वर थोडं. स्पर्धेत माझं काहीही बिघडलं नव्हतं. मी माझ्या लायकीइतकीच खेळले होते, फक्त ती लायकी मी कधी लिहून ठेवली नव्हती.

म्हणून तिकिटाआधी हे करा. रेंजवर जा, बंदूक जोडा आणि तासभर बसा. एकही गोळी झाडू नका, दुसऱ्यांची टार्गेटंसुद्धा मोजत बसू नका. मग एक फेरी, २५ची २५, मध्ये न थांबता. आकडा लिहा. अशा दहा फेऱ्या दहा वेगवेगळ्या दिवशी. दहांची सरासरी गुणिले पाच, हा तुमचा खरा आकडा. आणि त्या दहांतली सगळ्यात वाईट फेरी लाल शाईने लिहा, कारण प्रवासाचा शीण, अनोळखी रेंज आणि पाठीमागे उभे असलेले पंच, या सगळ्यात तीच तुम्हाला भेटण्याची शक्यता जास्त. हा आकडा मागच्या वर्षीच्या निकालाशी लावून बघा. वरच्या सहांशी नको, यादीच्या मधोमध जे आहेत त्यांच्याशी.

सोबत एक खूण करत जा: टार्गेट पहिल्या गोळीला फुटलं की दुसऱ्या. पात्रता फेरीत एका टार्गेटला दोन नळ्यांच्या दोन गोळ्या मिळतात आणि दोन्हीला गुण सारखाच, त्यामुळे ही खूण कोणी करत नाही. पण २५ पैकी सात-आठ टार्गेटं तुम्ही दुसऱ्या नळीने वाचवत असाल, तर तुमचे २२ हे उसने २२ आहेत. वारा सुटला की ती उसनवारी बंद होते. टार्गेट ७६ मीटरपर्यंत जाणारं असलं तरी पहिली गोळी जिथे लागायला हवी ती जागा खंदकापासून फार लांब नसते. उशीर झाला की छर्रे विरळ होतात आणि दुसरी गोळी नशिबावर जाते. शिवाय अंतिम फेरीत एका टार्गेटला एकच गोळी. तिथवर पोचायचं स्वप्न असेल तर सवय आत्तापासून हवी.

काडतुसांचंही यावरूनच ठरतं. अनेक विमान कंपन्या प्रवाशामागे पाच किलोच दारूगोळा नेऊ देतात. २४ ग्रॅम छऱ्याच्या २५ काडतुसांचं खोकं किलोच्या आसपास भरतं, म्हणजे जेमतेम सव्वाशे. टार्गेटं १२५, त्यात दुसऱ्या नळीच्या गोळ्या, त्यात सरावाची फेरी. विमानाने जाणार असाल तर बाकीची काडतुसं तिथे काय मिळणार हे आधी विचारा, आणि तीच चार आठवडे आधीपासून वापरा. मी आयत्या वेळी तिथलं वेगळंच काडतूस घेतलं. त्याचा धक्का वेगळा, वेग वेगळा, आणि प्रत्येक चुकलेल्या टार्गेटला माझ्याकडे एक आयती सबब. सबब हाताशी असली की माणूस नेम धरत नाही, काडतुसाला शिव्या घालतो. परवाना, वाहतुकीची परवानगी, कुलूपबंद पेटी यांचे कागद प्रवास ठरायच्या आधी बघा, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पोचायचं कधी? अधिकृत सरावाच्या दिवसाआधी. त्या दिवशी आकडा मोजू नका, फक्त मागचं दृश्य बघा. मोकळं आकाश आहे, झाडी आहे की मातीचा बांध, टार्गेट कुठल्या रंगावर उठतंय, ऊन कुठल्या बाजूने येतंय. मी तो दिवस चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी छऱ्यांचा फैलाव ठरवणारा भाग, बदलण्यात घालवला. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक नवख्याने स्पर्धेच्या आदल्या दिवशी बंदुकीत काहीतरी बदललंय, आणि फायदा झालेला एकही मला भेटलेला नाही. चोक, दस्त्याची लांबी, चष्म्याची काच, हात लावू नका.

मला सल्ला देणारे सर म्हणाले होते, "जाऊन तर ये, अनुभव मिळेल." या वाक्यावर माझा राग आहे. अनुभव आपोआप मिळत नाही. काय बघायला जातोय ते ठरवून गेलं तर मिळतो, नाहीतर नुसतं वाईट वाटून परत येतो. सरांनी माझ्या वहीत एकदाही डोकावलं नव्हतं. जो मार्गदर्शक पहिल्या फेरीचा आकडा विचारत नाही, त्याचा जाण्याबद्दलचा सल्ला घेऊ नका. नेमबाजीचा खुशाल घ्या, आमचे सर त्यात उत्तमच होते.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. ९४ मारून आले म्हणून माझं काही तुटलं नाही. पाठीमागे कोणी हसलंसुद्धा नाही, प्रत्येक जण आपापल्या चुकलेल्या टार्गेटात बुडालेला असतो. आणि आकडा मोठा असला की सगळं सोपं, असंही नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकल डायमंडने ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ पैकी १२५ मारले आणि तो चौथा आला. कांस्यपदक शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा टार्गेटांत, हातचं गेलं. १२५ मारणाऱ्याची ही गत, तर आपल्या १६चं किती मनाला लावून घ्यायचं?

आकडा कमी असूनही जावं अशी कारणं असतात. पुढच्या वर्षी नक्की उतरायचंय आणि ती रेंज, ते थांबणं, ते पंच एकदा अंगावरून जाऊ द्यायचे आहेत, हे चांगलं कारण. क्लबातले सगळे चाललेत, हे वाईट कारण. पात्रता गुण कसेबसे झालेत आणि परत होतील की नाही अशी धाकधूक आहे, हे सगळ्यात वाईट, आणि माझं तेच होतं. कर्ज काढून किंवा सरावाचे सगळे पैसे प्रवासात घालून जाणार असाल, तर नका जाऊ. तेवढ्या पैशांत किती पहिल्या फेऱ्या होतात याचा हिशोब करा.

त्याच्या पुढच्या वर्षी मी गेले नाही. त्रास झाला. निकाल लागला तेव्हा माझ्याच रेंजवरच्या, माझ्याहून नवख्या मुलीचं नाव यादीत माझ्या ९४च्या वर होतं. दोन दिवस बंदुकीला हात लावला नाही.

यंदाच्या वहीत दहापैकी सात फेऱ्या झाल्यात: २१, १९, २२, २०, २२, १८, २१. लाल शाईत १८. तीन बाकी आहेत आणि नोंदणीला नऊ दिवस. उद्या सकाळी आठवी.