पिक फिरतो का, आधी ते बघा

कंटिन्युअस मायनर म्हणजे फिरत्या ड्रमने कोळसा कापणारं मशीन, आणि पिक म्हणजे त्या ड्रमवरचा कापणारा दात. या पिकवर संशोधन करायला निघालेल्यांनी कार्बाइड-कोबाल्ट, म्हणजे त्याच्या टोकाचं कडक मिश्रण, शिकलेलंच असतं. मी कुठे आपटलो तेवढंच सांगतो.

राणीगंज पट्ट्यातली एक भूमिगत खाण. पिक भराभर संपत होते, दर शिफ्टला मशीन थांबायचं. मी बल्लारपूरचा, कोळसा बघतच वाढलेला, त्यामुळे मस्ती होती. झिजतोय म्हणजे मऊ आहे, असं ठरवून कमी कोबाल्टचा, जास्त कडक ग्रेड सुचवला. दगडाचा थर लागला आणि टोकं झिजायच्या ऐवजी तुटायलाच लागली. कडकपणा वाढवला की चिवटपणा जातो, हे परीक्षेत मीच लिहिलं होतं!

शेवटी मिस्त्रीदादांनी जुन्या पिकचं पोतं माझ्यापुढे ओतलं. एक उचलून कॅपलॅम्पच्या उजेडात धरला. एका अंगाला सपाट, चकचकीत चट्टा. दुसऱ्या अंगाचा रंगसुद्धा गेलेला नाही. बहुतेक सगळे तसेच. कोनिकल, म्हणजे शंकूच्या आकाराचा पिक कापताना स्वतःभोवती फिरला, तरच चहूबाजूंनी सारखा झिजतो आणि टोक टिकतं. आमचे ओल्या भुकटीने होल्डरमध्येच जाम झाले होते, हाताने हलेनात. त्यात होल्डर नव्याने वेल्ड करताना बाजूचा कल, म्हणजे स्क्यू, जवळजवळ शून्य झालेला. मग पिकला फिरवणार कोण? सहा महिने मी धातू बदलत बसलो आणि दोष होता बसवण्यात.

हा नुसता खर्चाचा प्रश्न नाही. चपटा झालेला पिक कापत नाही, घासतो. धूळ वाढते, वालुकाश्मावर ठिणग्या उडतात, आणि हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. हे हलक्यात घेणाऱ्याने खाणीत उतरू नये.

नुसत्या सूत्रांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा राग आहे, लपवत नाही. पिकला कापायला लागणारं बल काढायच्या इव्हान्सच्या 1984 च्या सूत्रात घर्षणच धरलेलं नाही. पहिल्या अंदाजाला ते ठीक, पण त्यावरून थेट ड्रमचं लेसिंग, म्हणजे पिकची मांडणी, ठरवू नका. संशोधनाचा गाइड निवडताना खाणीत खाली उतरणारा निवडा. पेपर कमी असले तरी चालतील.

आणि घाबरू नका, सुरुवातीला कोणालाच काही कळत नाही. दहा पिकच्या कॉलरवर, म्हणजे होल्डरबाहेरच्या कड्यावर, पंचने खूण करा, ती होल्डरवरच्या खुणेशी जुळवून ठेवा. शिफ्ट संपल्यावर बघा, कोणत्या सरकल्या. मात्र वीज तोडून कुलूप लावल्याशिवाय आणि डोक्यावरचं छत बोल्ट केलेलं असल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही. मिस्त्रीदादा घाई करत असले तरी नाही.