मूत्राशय वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेची तयारी

ओटीपोटात मूत्राशय आणि गुदाशयाभोवती साधीच चरबी बेसुमार वाढते, तेव्हा त्या दुर्मीळ विकाराला पेल्व्हिक लिपोमॅटोसिस म्हणतात. तो कर्करोग नाही आणि प्रामुख्याने पुरुषांत आढळतो. सोलापुरात मागावर काम करणाऱ्या माणसाला वारंवार लघवी होऊ लागली, की उन्हाळा किंवा प्रोस्टेट यांवर बोट ठेवले जाते, आणि तोवर मूत्रवाहिन्या (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्या) दाबल्या जाऊन मूत्रपिंडे सुजू लागलेली असू शकतात.

प्रथम सोनोग्राफी व क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्यावी, मग सीटी स्कॅन. त्याची प्लेट खिडकीच्या उजेडात धरावी: चरबी काळपट दिसते, आणि तिने चेपलेले मूत्राशय वर ओढले जाऊन उलट्या नासपतीसारखे उभट झालेले असते. दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहून अस्तराचा तुकडाही तपासावा लागतो, कारण या विकारात मूत्राशयाच्या अस्तरात ग्रंथींसारखे बदल वारंवार आढळतात.

ही चरबी गाठीसारखी वेगळी नसते. ती रक्तवाहिन्यांना बिलगलेली असते, म्हणून ‘काढून टाका आणि मोकळे करा’ असा आग्रह धरू नये. अवयव राखणाऱ्या शस्त्रक्रियेत शल्यविशारद मूत्रवाहिन्या चरबीतून सोडवतो, गरजेपुरती चरबी काढतो आणि आवश्यक तेथे मूत्रवाहिनी मूत्राशयात नव्याने जोडतो. मूत्राशय काढून पोटावर पिशवी लावण्याचा सल्ला मिळाल्यास, मूत्रपिंडांची स्थिती फार नाजूक नसेल तर, सही करण्यापूर्वी दुसऱ्या मूत्ररोग शल्यविशारदाचे मत अवश्य घ्यावे; तेथे अहवालाच्या कागदाबरोबर सीटीची सीडीही न्यावी आणि ‘अशा किती रुग्णांवर आपण शस्त्रक्रिया केली आहे?’ असे नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे. खर्चाची काळजी असेल तर शासकीय रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते आधीच विचारावे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास भूलतज्ज्ञाला सांगावे. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मूत्रवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवला असेल, तर तो काढण्याची किंवा बदलण्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावी. तो साधारण ३ ते ६ महिन्यांपलीकडे तसाच राहिला, तर त्यावर खडे साचतात. वेदना थांबल्या म्हणून घरचे तो हमखास विसरतात, असे मला फार वाटते. मूत्राशय राखले असल्याने दुर्बिणीची तपासणी, सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन यांच्या पुढील तारखाही त्याच पानावर, स्टेंटच्या तारखेखाली, डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.