सागरी परिसंस्थाशास्त्रज्ञाचा प्रभाव कसा अभ्यासावा : रॉबर्ट पेन यांच्या निमित्ताने

एखाद्या संशोधकाची कारकीर्द अभ्यासायला घेतली की आपण प्रथम त्याच्या शोधनिबंधांची यादी, सन्मान आणि उद्धरणांची संख्या शोधू लागतो. माझ्या मते हे सारे शेवटी पाहावे. आधी त्याची एक कल्पना निवडावी आणि ती कोणाकोणाच्या हाती गेली, तिथे तिचे काय झाले, याचा माग काढावा. वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट पेन (१९३३–२०१६) यांच्या कामावर ही पद्धत उत्तम शिकता येते.

सुरुवात मूळ शोधनिबंधापासून करावी आणि त्यातला प्रयोग डोळ्यांपुढे उभा राहीपर्यंत पुढे जाऊ नये. जून १९६३ पासून पेन यांनी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील मक्कॉ बे येथे सुमारे ८ मीटर लांब आणि २ मीटर उंच अशा खडकाच्या पट्ट्यावरून ‘पायसॅस्टर’ जातीचे तारामासे सतत हटवले. खडकाला घट्ट चिकटलेले हे प्राणी ते पहारीने उचकटून समुद्रात भिरकावत. शेजारचा पट्टा त्यांनी तुलनेसाठी तसाच ठेवला. सप्टेंबरपर्यंत बार्नॅकलांनी (खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी प्राण्यांनी) ६० ते ८० टक्के जागा व्यापली आणि पुढच्या जूनपर्यंत झपाट्याने वाढणारे शिंपले (कोकण-गोव्यातल्या शिणाण्यांच्याच कुळातले) त्या बार्नॅकलांनाही हुसकावू लागले. तारामासा शिंपले खातो म्हणूनच इतरांना खडकावर जागा मिळत होती; तो गेला आणि १५ प्रजातींच्या जागी ८ उरल्या. शिकारी प्राण्यामुळे विविधता टिकते, हे इथे निरीक्षणावरून अनुमानलेले नव्हते, प्रत्यक्ष करून दाखवलेले होते. पेन यांचे वेगळेपण मला सर्वांत जास्त इथे जाणवते.

त्यानंतर शब्द आणि वर्षे जुळवून पाहावीत. हा प्रयोग १९६६ साली ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, पण अशा कळीच्या प्रजातीसाठी आज रूढ असलेला ‘कीस्टोन’ हा शब्द त्या निबंधात नाही. कमानीच्या माथ्यावरच्या दगडाची ही उपमा पेन यांनी १९६९ च्या एका छोट्या टिपणात योजली, तर शिकाऱ्याचा परिणाम अन्नसाखळीत पायरीपायरीने खालपर्यंत पोचतो, यासाठी ‘ट्रॉफिक कॅस्केड’ ही संज्ञा १९८० च्या लेखात दिली. संज्ञेचा उगम १९६६ चा म्हणून सांगणारे लेखन दिसले, तर लेखकाने मूळ निबंध उघडला नसावा असे समजायला हरकत नाही.

मग माणसांकडे वळावे. शिष्यांची वंशावळ काढणे सोपे असते : अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावर प्रयोग करणारे पॉल डेटन, खडकाळ किनाऱ्यांचे अभ्यासक ब्रूस मेंज, आणि पुढे २००९ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर व हवामानविषयक संस्थेच्या प्रमुख झालेल्या जेन लुबचेंको. मात्र वंशावळीत न बसणारा प्रभाव अनेकदा अधिक महत्त्वाचा ठरतो. १९७१ मध्ये अलास्काच्या अल्यूशियन द्वीपमालेतील ॲमचिट्का बेटावर तरुण जेम्स एस्टिस पेन यांना भेटले. परिसंस्था समुद्री ऊदमांजरांना कशी पोसते, हा एस्टिस यांचा प्रश्न होता. ऊदमांजरे परिसंस्थेचे काय करतात ते पाहा, असे पेन यांनी सुचवले. ऊदमांजरे सी-अर्चिन (शैवाल खाणारे काटेरी सागरी प्राणी) खातात आणि त्यामुळे केल्पची (मोठ्या सागरी शैवालाची) जंगले टिकतात, हा १९७४ चा प्रसिद्ध निष्कर्ष त्या उलटवलेल्या प्रश्नातून आला. अशा भेटी उद्धरणांच्या तक्त्यात सापडत नाहीत, म्हणून आठवणी, मुलाखती आणि मृत्युलेख जरूर वाचावेत.

टीकाकारांना वगळू नये. १९९३ मध्ये मिल्स, सूले आणि डोक यांनी ‘कीस्टोन’ हा शब्द फार सैलपणे वापरला जात असल्याचा आक्षेप घेतला. १९९४ मध्ये खुद्द मेंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरेगॉनच्या किनाऱ्यावर दाखवले की हाच तारामासा लाटांचा मारा असलेल्या जागी कळीची भूमिका बजावतो, आडोशाच्या जागी तसे घडेलच असे नाही. १९९६ मध्ये, विपुलतेच्या मानाने ज्या प्रजातीचा परिणाम फार मोठा असतो ती कीस्टोन, अशी काटेकोर व्याख्या मांडणाऱ्या लेखाच्या लेखकांत पेन स्वतः होते. आपल्या कल्पनेची दुरुस्ती करण्यात संशोधकाने असा भाग घेतला असेल, तर त्याची ठळक नोंद करावी.

आकडे आता पाहावेत. उद्धृत करणारे वीस-पंचवीस निबंध निवडून पेन यांचे नाव नेमके कोणत्या वाक्यात येते ते वाचावे आणि तीन गठ्ठे करावेत : प्रस्तावनेत रिवाज म्हणून घेतलेले नाव, प्रयोगाची पद्धत उचलणारे काम, आणि निष्कर्षाशी वाद घालणारे काम. पहिला गठ्ठा बाजूला ठेवून उरलेल्या दोन गठ्ठ्यांवरच टिपणे काढावीत.