प्रोग्रेसिव्ह रॉकचे सर्वश्रेष्ठ अल्बम निवडताय? या चुका टाळा

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक. त्यातल्या सर्वश्रेष्ठ अल्बमची यादी करायला बसलं की पहिली पाच नावं झरझर उतरतात. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल. सहाव्या नावाशी हात अडखळतो आणि तिथून पुढे जे लिहिलं जातं ते बऱ्याचदा ऐकलेलं नसतं, ऐकीव असतं. ही यादी मी वर्षानुवर्षं करतोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय. माझ्या जुन्या याद्यांमधल्या चुका पाहिल्या की सगळ्यांचं मूळ एकच दिसतं: निवडायचा असतो अल्बम, पण आपण मोजत असतो भलतंच. एखादं गाणं, एखाद्याची बोटं, बँडचं नाव किंवा इतिहासातला मान.

पहिला आला म्हणून पहिला क्रमांक

किंग क्रिम्सनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग' १० ऑक्टोबर १९६९ला आला आणि त्यानंतर रॉक पूर्वीसारखं राहिलं नाही. त्याचं महत्त्व वादातीत आहे. पण महत्त्व आणि श्रेष्ठत्व हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि यादी करताना ते एकमेकांत मिसळतात. या अल्बमची पहिली बाजू मला जवळजवळ निर्दोष वाटते. दुसऱ्या बाजूवरचं 'मूनचाइल्ड' मात्र दोन-अडीच मिनिटांचं सुंदर गाणं संपल्यावर बराच वेळ अगदी हलक्या, चाचपडणाऱ्या उत्स्फूर्त वादनात रमतं. तो भाग तुम्हाला खरंच धरून ठेवतो का, की त्या नावाच्या दबदब्यामुळे तुम्ही तो सोडून देता? प्रामाणिक उत्तर द्या आणि मग क्रमांक ठरवा.

मी स्वतः त्याच बँडचा 'रेड' वर ठेवतो. तो ऑक्टोबर १९७४मध्ये आला तेव्हा गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने बँड मोडलेला होता. फ्रिप, जॉन वेटन आणि बिल ब्रूफर्ड असे तिघेच, सोबत काही पाहुणे वादक. जेमतेम चाळीस मिनिटं, पाच रचना. शेवटच्या 'स्टारलेस'मध्ये मधला भाग तेरा मात्रांच्या आवर्तनात फिरतो आणि गिटार एकेका स्वराला चिकटून राहत, हळूहळू वर चढत जाते. इतकी कमी सामग्री आणि इतका ताण! नंतर सॅक्सोफोन सुटतो आणि अगदी शेवटी गाण्याची सुरुवातीची धून परत येते, तेव्हा आधीची चाळीस मिनिटं जणू त्या क्षणासाठीच जमवली होती असं वाटतं. श्रेष्ठ अल्बमची माझी कसोटी हीच आहे. शेवट ऐकताना सुरुवातीची किंमत वाढली पाहिजे.

अवघड म्हणजे थोर, हा समज

प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, ऐकणाऱ्यांना जडणारा हा सगळ्यात मोठा दोष. विषम मात्रा, वेगवान कीबोर्ड, मिनिटाला तीन वळणं, की गुण वाढलेच. पण पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांचं आहे हे माहीत नसलेली असंख्य माणसं ते बिनदिक्कत गुणगुणतात. गिटारचा सोलो सुरू झाला की ते चार मात्रांवर येतं आणि अंग मोकळं झाल्यासारखं वाटतं. तिथे हिशेब दिसत नाही, फक्त परिणाम पोचतो. अवघडपणा असा विरघळला असेल तर त्याचे गुण द्या. नुसता दाखवला असेल तर देऊ नका.

उलट बाजूही आहे. जेंटल जायंट या बँडचे एकमेकांत गुंतलेले गळे पहिल्यांदा ऐकताना कोडं वाटतात, म्हणून त्यांना कोरडे ठरवणं ही तितकीच मोठी चूक. 'ऑक्टोपस' (१९७२) तीन-चारदा ऐका. प्रत्येक वेळी एकच आवाज धरून शेवटपर्यंत जा. कोड्यामागे केवढा खेळकरपणा आहे ते मग कळतं.

एका गाण्यावर अख्खा अल्बम तोलणं

एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. म्हणून त्या काळातल्या दीर्घ रचना वीस मिनिटांच्या आसपास येऊन थांबतात आणि दुसऱ्या बाजूचं काय करायचं हा प्रश्न उरतो. तो सगळ्यांना सुटला असं नाही.

एमर्सन, लेक अँड पामरच्या 'टार्कस'ची (१९७१) पहिली बाजू व्यापणारी रचना मी कित्येक वर्षं माझ्या पहिल्या दहांत ठेवली होती. ती रचना अजूनही तितकीच आवडते. पण दुसऱ्या बाजूवर एकमेकांशी संबंध नसलेली छोटी गाणी आहेत आणि शेवटी ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डला उद्देशून केलेली रॉक अँड रोलची गंमत. रशच्या '२११२'चंही (१९७६) थोडंफार तसंच. दीर्घ रचनेची यादी करत असाल तर दोन्ही खुशाल घ्या. अल्बमच्या यादीत दुसरी बाजूही तपासावीच लागते.

हाच एडी ऑफर्ड येसच्या 'क्लोज टू द एज'चा (१९७२) सहनिर्माता. त्यावर तीनच रचना आहेत, एकूण अडतीस मिनिटांच्या आत. शीर्षकरचना पावणेएकोणीस मिनिटांची. पाण्याचा आणि पाखरांचा आवाज, मग सगळी वाद्यं एकदम अंगावर, मग हळूहळू आकाराला येणारी धून. मधल्या संथ भागात कीबोर्डवादक रिक वेकमनने लंडनमधल्या एका चर्चचा पाइप ऑर्गन वाजवलाय, आणि तो घुमायला लागला की आपण नकळत ताठ बसतो. शेवटी पुन्हा तेच पाणी, तीच पाखरं. स्टुडिओत तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड करून, टेप कापून जोडलेली ही रचना आहे, हे ऐकताना पटत नाही. दुसऱ्या बाजूवरच्या दोन रचना मोठीच्या सावलीत दबत नाहीत, म्हणून हा अल्बम माझ्या यादीतून कधीच हलला नाही.

त्याच बँडने पुढच्याच वर्षी 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' केला: दोन रेकॉर्ड, चार बाजू, चार रचना. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून गायक जॉन अँडरसनला कल्पना सुचली होती. सामग्री ताणल्याची तक्रार खुद्द वेकमनची होती आणि तो त्यानंतर बँड सोडून गेला. माझं मत त्याच्याइतकं कडक नाही. पहिल्या आणि चौथ्या बाजूवर मला जीव जडलाय. पण लांबी मोठी म्हणून स्थान मोठं, असं करू नका.

ऐकण्यातल्या चुका

यादीतला घोळ पुष्कळदा इथेच सुरू होतो. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची गाणी एकमेकांत वाहत जातात. फोनवर शफल चालू असेल किंवा दोन गाण्यांमध्ये क्षणभर शांतता पडत असेल, तर तुम्ही तो अल्बम ऐकलेलाच नाही. शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यात मिसळण्याची सोय) बंद करा, सलग वाजवण्याची सोय चालू ठेवा.

दुसरा घोळ बोनस ट्रॅकचा. 'क्लोज टू द एज'च्या काही आवृत्त्यांत मूळ तीन रचनांनंतर एकेरी रेकॉर्डसाठी छाटलेले तुकडे आणि तालमीचं ध्वनिमुद्रण येतं. अभ्यासाला उत्तम, पण अल्बम 'सायबेरियन खत्रू'बरोबर संपला. मूळ क्रम शोधून तिथे थांबा आणि दोन मिनिटं काहीही लावू नका.

तिसरा, रीमिक्सचा. पॉर्क्युपाइन ट्री बँडच्या स्टीव्हन विल्सनने क्रिम्सन, येस, जेथ्रो टल यांचे कितीतरी अल्बम नव्याने मिक्स केलेत आणि त्यांत दडलेली वाद्यं उजेडात आली आहेत. मला ते मनापासून आवडतात. तरी तुलना करताना सगळे अल्बम मूळ मिक्समध्येच ऐका, नाहीतर एकाला चष्मा लावून आणि दुसऱ्याला तसंच पाहिल्यासारखं होईल.

जेथ्रो टलचं 'थिक ॲज अ ब्रिक' (१९७२) हे जवळपास चव्वेचाळीस मिनिटांचं एकच गाणं आहे. मूळ रेकॉर्डवर मध्ये बाजू उलटावी लागायची. तुमचं लक्ष विसाव्या मिनिटाला सुटत असेल तर तिथेच विश्रांती घ्या, अल्बमच तशी जागा देतो.

एकच देश, सहाच वर्षं

१९६९ ते १९७५ आणि सगळे इंग्लंडचे, अशी यादी चुकीची नाही, अपुरी आहे. इटलीकडे तर दुर्लक्ष करूच नका. व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'पॉन हार्ट्स' ब्रिटनमध्ये चार्टवर आला नाही, इटलीत मात्र पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच इटलीतून प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीचा 'पेर उन अमिको' आणि बांकोचा 'डार्विन!' (दोन्ही १९७२), ले ओर्मेचा 'फेलोना ए सोरोना' (१९७३) असे अल्बम निघाले. शेवटच्याची इंग्रजी आवृत्तीही आहे, शब्द व्हॅन डर ग्राफ जनरेटरच्या गायकाचे, पीटर हॅमिलचे. तरी इटालियनच ऐका. भाषा कळली नाही तरी गळा कळतो. कॅमलच्या 'द स्नो गूज'मध्ये (१९७५) तर गीतांचे शब्दच नाहीत, आणि गोष्ट तरीही पोचते. फ्रान्सच्या माग्माने स्वतःची भाषाच बनवली.

१९७५ नंतरचं सगळं नक्कल म्हणून टाकणं हाही आळसच. मॅरिलियनचा 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर' (१९८३) ऐकताना जुन्या जेनेसिसची आठवण येते, नाकारत नाही. पण 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड'पर्यंत (१९८५) त्यांचा आवाज पूर्ण त्यांचा झालाय. पुढे ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१), पॉर्क्युपाइन ट्रीचा 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' (२००७). यांना जागा द्या किंवा देऊ नका, पण ऐकल्यावर ठरवा.

लोकप्रिय म्हणून वगळणं

'डार्क साइड' १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे होता. सगळ्यांना आवडतो म्हणून तो गाळून अनोळखी नावं भरण्याचा मोह जाणत्या श्रोत्यांना फार होतो. त्याने यादी खोल होत नाही, तिच्यातलं एक खरं नाव कमी होतं.

तरीही अडलात तर

एखादा नावाजलेला अल्बम चौथ्यांदाही लागत नसेल तर त्याच बँडचा आधीचा एक ऐकून परत या. 'पॉन हार्ट्स' मला असाच बंद दारासारखा होता. 'एच टू ही, हू ॲम द ओन्ली वन' (१९७०) ऐकल्यावर हॅमिलचं ओरडणं आणि कुजबुजणं यातलं नातं कळलं आणि दार उघडलं.

एकाच बँडचे चार अल्बम यादीत शिरले असतील तर 'प्रत्येकी एकच' असा नियम लगेच लावू नका. जेनेसिसचे 'फॉक्सट्रॉट' (१९७२) आणि 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३) दोन्ही मला हवेच असतात, कारण पहिल्याचा जोर 'सपर्स रेडी'च्या तेवीस मिनिटांत एकवटलाय आणि दुसऱ्याचा आठही गाण्यांत सारखा पसरलाय. दोघांतला फरक एका वाक्यात सांगता येत असेल तर दोन्ही ठेवा. सांगता आला नाही तर एक काढा.

आणि शेवटच्या जागेसाठी दोन अल्बम भांडत असतील तर दोघांची फक्त दुसरी बाजू ऐका, एकामागून एक, त्याच बैठकीत. माझ्याकडे मागच्या वेळी कॅमलचा 'मूनमॅडनेस' आणि व्हॅन डर ग्राफचा 'गॉडब्लफ' असे अडले होते. दुसऱ्या बाजूवर 'गॉडब्लफ'ने मला जागेवरून उठू दिलं नाही.